आठशे चालू घरं

मीटरमावशी रस्त्याने चालताना कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही. तिची नजर जमिनीपासून हातभर वर, भिंतीच्या कडेने सरकत जायची, कारण पाण्याचे मीटर तिथेच बसवलेले असतात. सव्वीस वर्षं हेच काम केल्यावर मान दुसरीकडे वळतच नाही. लोकांना वाटायचं, बाई शिष्ट आहे. शिष्ट कसली? तिला लोकांच्या तोंडाची गरजच नव्हती. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या घरी बाळ आलंय, कोणाचा नवरा रुसून भावाकडे राहायला गेलाय, हे तिला मीटर आधी सांगायचा आणि शेजारीण नंतर. कळलेलं पोटात ठेवायची तिला सवय होती, नाहीतर गावातले निम्मे संसार मोडले असते.

नोकरी तिला बापाच्या जागेवर मिळाली होती. बाप नगरपालिकेत नळजोडणीचं काम करायचा. तो गेला तेव्हा मागे मुलगा नव्हता, म्हणून मुलीला घेतलं. आणि बाईमाणूस खड्ड्यात कसं उतरणार, म्हणून तिच्या हातात मीटरची वही दिली. पहिल्याच दिवशी एका जुन्या कर्मचाऱ्याने तिला मीटरच्या काचेखालची लाल चांदणी दाखवली. मोठे आकडे सावकाश सरकतात, पण घरात नळ थेंबभर सुटला तरी ही चांदणी फिरायला लागते. तो म्हणाला होता, आकडा खोटं बोलेल, चांदणी बोलणार नाही. मावशीने ते गाठीला बांधलं.

तिचा नवरा काचेच्या कारखान्यात भट्टीवर मेकॅनिक होता. बोलायला मोठा गमत्या. सहा वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली, आणि तेव्हापासून तो मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते एक गावच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असायचा. मशीन एकच. ते गेलं तर पुढचं मशीन पाच तासांवरच्या मोठ्या शहरात, आणि तिथल्या यादीत सहा महिने नंबर लागत नाही. ज्याला आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घ्यावं लागतं त्याने सहा महिने थांबायचं म्हणजे काय, हे मावशीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचं सगळं जग त्या चार तासांवर टांगलेलं होतं.

आता ते मशीन कशावर चालायचं ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. माणूस साधी काडेपेटी घेतो, त्यातही कर असतो. असा सगळ्या देशाचा कर राजधानीतल्या एका मोठ्या हौदात जमा होतो. तिथे शहाणी माणसं बसून ठरवतात, कुठल्या राज्याला किती द्यायचं: माणसं किती, जमीन किती, गरिबी किती, असं सगळं जोखून. मग राज्य आपला वाटा काढून घेतं आणि उरलेलं खाली शहरांना, गावांना सोडतं. पाण्याच्या लाइनीचंच गणित. टाकीजवळ राहतो त्याच्याकडे धो धो, शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार. मावशीचं गाव शेवटच्या नळावर होतं. आणि राज्याने एक नियम घातला होता की ज्या गावात आठशे चालू घरं आहेत, त्यालाच स्वतःचा वाटा. आठशेच्या खाली गेलात की गाव त्याच मोठ्या शहराला जोडलं जाणार, वाटा त्या शहराला, आणि दवाखान्याचं मशीनही तिकडेच. घर चालू आहे हे कसं ओळखायचं? तर महिन्याला निदान एक युनिट, म्हणजे हजार लिटर पाणी वापरलं गेलं पाहिजे. राजधानीतल्या शहाण्या माणसांना वाटलं असावं की माणूस सगळं खोटं करेल, पण आंघोळ खोटी कशी करेल.

नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि घरांना कुलपं लागायला लागली. जाताना लोक चावी मावशीकडे द्यायचे. ती दर महिन्याला दारात येणारच, मग जरा आत डोकावलं, छप्पर गळत नाही ना बघितलं, एवढीच अपेक्षा. दोन महिन्यांत परत येतो, असं सगळे म्हणाले. आले कोणीच नाहीत. मावशीच्या घरात चाव्यांचा डबा भरला, मग दुसरा भरला. शेवटी एकशे एक्याण्णव चाव्या झाल्या आणि चालू घरं राहिली सहाशे बारा.

मुख्याधिकारी साहेबांना ताकाला जाऊन भांडं लपवायची भारी सवय. त्यांनी मावशीला बोलावलं, खुर्ची दिली, नवऱ्याची तब्येत विचारली, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की घरं बंद राहिली की नळ गंजतात, नाही का? अधूनमधून सोडलेले बरे. महिन्याला साधारण एक युनिट. मावशीला कळलं. साहेबांनाही कळलं की तिला कळलं. सहाशे बारा आणि एकशे एक्याण्णव मिळून आठशे तीन होतात, ही बेरीज दोघांनीही तोंडातून काढली नाही.

अशी मावशी रिकाम्या घरांत जायला लागली. दुपारी, आपलं रोजचं काम आटपल्यावर, रोज आठ-नऊ घरं. एका गल्लीतले नळ एकदम सोडायची आणि पाण्याचं पाणी होताना बघवत नाही म्हणून ते वापरायची. कोणाची फरशी पुसून काढ, कोणाची मागे राहिलेली भांडी घास, कोणाच्या परसातल्या झाडाला घाल. घरांशी बोलायचीही. एकटं माणूस कामाला लागलं की बोलतंच, त्यात काही वेड नाही.

चूक झाली ती पुढे, आणि ती चूक मीटरवालीच करू जाणे. दोन-तीन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की एकशे एक्याण्णव घरांत बरोबर एकेकच युनिट पडतंय. अशी कुठे घरं असतात? कोणी वरून कागद तपासले तर पहिल्या पानावर पकडेल. म्हणून तिने प्रत्येक घराला त्याची जुनी सवय द्यायची ठरवलं. तिला सगळ्या तोंडपाठ होत्या. टेलरमास्तरांकडे तीन मुली, रविवारी डोकी धुवायच्या, म्हणून रविवारी जास्त. म्हाताऱ्या पोस्टमनचं पाणी चिमणीएवढं. नर्सबाईच्या घरी पहाटेच नळ. कोपऱ्यावरच्या जोडप्याचं भांडण झालं की दोन दिवस भांडी साचायची आणि तिसऱ्या दिवशी मीटर पळायचा. तिने वही केली आणि त्या त्या घरात, त्या त्या दिवशी, तेवढंच पाणी सोडू लागली. आणि तसं करताना तोंडाने म्हणायचीही, "चला पोरींनो, रविवार आहे, डोकी धुवा." तीन वर्षं तिने त्या घरांना राहायला शिकवलं.

पहिल्यांदा शिकवलेलं दिसलं ते टेलरमास्तरांच्याच घरी. सोमवारी दुपारी मावशी तिथे गेली तर मीटर तिच्या वहीच्या पुढे होता. आदल्या रविवारी नवऱ्याला ताप होता म्हणून तिला जाता आलं नव्हतं, आणि रविवारचं पाणी तर पडलेलं होतं. गळती असेल म्हणून तिने बापासारखा पाइपाला कान लावला. गळती नव्हती. कुलूप उघडून आत गेली. न्हाणीघरात तिने वाळायला म्हणून पालथा घातलेला टब सरळ ठेवलेला होता. त्यात अर्धा टब पाणी. तिने हात घातला आणि झटकन बाहेर काढला, कारण पाणी कोमट होतं, आणि त्या घराचा गॅस घराला कुलूप लागलं तेव्हाच बंद झाला होता.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, फुकटात काम होतंय तर होऊ दे, तुझे पाय तरी वाचतील. ती हसली, पण हाताला ते कोमट पाणी दिवसभर लागून राहिलं होतं. दोनदा साबणाने धुतला तरी जाईना.

मग पोस्टमनच्या घरी. मग नर्सबाईच्या. वर्षभरात असं झालं की मावशीने कुठेच जायची गरज उरली नाही. एकशे एक्याण्णव कुलपं गंजत होती आणि आत एकशे एक्याण्णव घरं आपापल्या सवयीने पाणी वापरत होती. दुपारी टेलरच्या गल्लीतून जाताना एखाद्या बंद खिडकीमागे बादली सरकवल्याचा आवाज यायचा. तिला भीती वाटायची, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या खाली एक लाजिरवाणं समाधानही होतं. एखाद्याचं मूल आपण चालायला शिकवावं तसं. साहेबांना तर आनंदच. गाव सलग पाचव्या वर्षी आठशे तीनवर उभं होतं, वाटा येत होता, मशीन चालत होतं.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वरून वाटा कितीही आला, तरी गावाची पाण्याची टाकी होती तेवढीच होती. मावशी जेव्हा हाताने नळ सोडायची तेव्हा ते मोजून-मापून, दवाखान्याची वेळ टाळून. आता ती घरं स्वतःच्या मनाने घेत होती, आणि दिवसेंदिवस थोडं थोडं जास्त. माणसांसारखंच. दवाखाना टेलरच्या गल्लीच्या टोकाला, त्याच लाइनीवर शेवटचा. गल्लीने घेऊन उरेल ते दवाखान्याला. आणि दवाखान्याची छतावरची टाकी उन्हाळ्यात तडकली होती. नवी टाकी पुढच्या हप्त्यातून यायची होती.

एका शुक्रवारी अकरा वाजता दवाखान्यात पाण्याचा जोर गेला. मशीन शिट्टी मारून थांबलं. सिस्टरने रक्त परत अंगात घ्यायची धडपड केली, पण तोवर ते नळीत गोठलं होतं. पेलाभर रक्त फेकून द्यावं लागलं. नवरा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याला गंमत सुचत नव्हती, आणि त्यावरूनच मावशीला कळलं की किती झालंय. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांदा असं झालं तर या शरीराला झेपणार नाही.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, त्या घरांचे व्हॉल्व्ह बंद करायला काहीच हरकत नाही, पण गंजलेले व्हॉल्व्ह एकदा बंद केले की पुन्हा उघडतील याचा भरवसा नाही, आणि मग ती घरं महिन्याच्या शेवटी चालू दिसतील का? आणि तीनच घरं आपल्या हातात जास्तीची आहेत. व्हॉल्व्ह बंद केले तर वाटा जाणार आणि वाट्याबरोबर मशीन. उघडे ठेवले तर मशीन असून पाणी नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, फक्त मावशीच्या आडालाही पाणी नव्हतं आणि विहिरीलाही.

तेव्हा तिने जे केलं ते तिने नवऱ्यालाही पुष्कळ दिवस सांगितलं नाही. भर दुपारी ती टेलरमास्तरांच्या घरात गेली. चपला दाराबाहेर काढल्या, दुसऱ्याच्या घरी जाताना काढतात तशा. आत नळ चालू होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून ती त्या रिकाम्या खोलीला म्हणाली, "तुमचा वाटा तुम्ही घ्या. माझं काही म्हणणं नाही. मीच तुम्हाला सवय लावली. पण मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ ते एक पाणी घेऊ नका. तेवढे चार तास माझ्या माणसाचे आहेत. बाकीच्यांनाही सांगा."

नळ बंद झाला. आपोआप गळून नव्हे; कोणीतरी चकती फिरवून घट्ट बंद करतं तसा, शेवटी एक छोटा पीळ देऊन. मावशी उलट्या पावलांनी बाहेर आली आणि चपला हातातच घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

पुढच्या मंगळवारी नऊ वाजता ती गल्लीत येऊन उभी राहिली. सगळ्या मीटरांच्या लाल चांदण्या थांबलेल्या. एक वाजून दोन मिनिटांनी सगळ्या एकदम फिरायला लागल्या. दवाखान्यात पाण्याला असा जोर होता की सिस्टरने नळ कमी केला. असे आठ महिने गेले. एकही मंगळवार चुकला नाही, एकही शुक्रवार नाही. जिवंत शेजाऱ्यांनी एवढा शब्द पाळल्याचं मावशीला आठवत नव्हतं.

मग तपासनीस आला. राजधानीतून पत्र राज्याला, राज्यातून पत्र साहेबांना, आणि पत्राच्या आधी माणूस दारात. पन्नाशीचा, सभ्य, एका गुडघ्याने लंगडणारा गृहस्थ. त्याच्याकडे यंत्राने निवडून दिलेली एकच गल्ली होती: टेलरची. घरं चौदा, आणि त्यातली बारा कुलपातली. दहा वाजता आकडे लिहायचे, बारा वाजता पुन्हा लिहायचे, फरक पडला तर घर चालू. तीनपेक्षा जास्त घरं बंद निघाली तर गावाची सगळी बेरीज रद्द. दिवस मंगळवार होता.

साहेबांचे धाबे दणाणले. त्यांनी आज लाइनीचं काम आहे, उद्या या, असं सांगून बघितलं. तपासनीस नम्रपणे म्हणाला की उद्या दुसरं गाव आहे आणि परवा तिसरं. मावशीला बरोबर घेऊन त्याने दहा वाजता चौदा आकडे लिहिले आणि पोस्टमनच्या ओट्यावर गुडघा चोळत बसला. गल्लीच्या टोकाला दवाखान्याची खिडकी दिसत होती. खिडकीमागे तिचा माणूस तासाभरापूर्वी मशीनला जोडला गेला होता.

पावणेबारा झाले. राहत्या दोन घरांच्या चांदण्या मधूनमधून फिरल्या होत्या. बाकी बारा थिजलेल्या. तपासनीस उठून एकेका मीटरपाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला की मावशी, दोन तासांत बारा घरांत कोणी तांब्याभर पाणीही घेत नाही? साहेबांनी तिला बाजूला ओढून कानात सांगितलं, चाव्या आहेत ना, मागच्या दाराने जा आणि सोड नळ. एक वाजेपर्यंत नाही, ती म्हणाली. साहेब म्हणाले, तो बाराला लिहिणार आहे. तिने पुन्हा तेच सांगितलं. साहेबांना तिने आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं आणि तेही दोनदा.

आणि मग टेलरमास्तरांच्या घरात नळाखाली बादली ठेवल्याचा आवाज आला.

पाणी बादलीत पडायला लागलं. आधी तळाला, टणटण, मग भरत जाताना मऊ. मीटरची चांदणी फिरली. पोस्टमनच्या घरी चूळ भरल्याचा आवाज झाला. नर्सबाईच्या घरी शॉवर सुटला. भांडकुदळ जोडप्याच्या मोरीत भांड्यांवर भांडी आपटली. एकेक करून बाराही घरं जागी झाली आणि सगळी गल्ली पाण्याच्या आवाजाने भरून गेली. मावशीला एका क्षणात उमगलं. त्यांनाही मोजलं जायचं होतं. आठ महिने पाळलेला शब्द त्यांनी याच एका गोष्टीसाठी मोडला होता, कारण या माणसाने लिहिलं तर ती होती आणि नाही लिहिलं तर नव्हती. त्यांचंही काही चुकत नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

तपासनीसाचा चेहरा उजळला. "आहेत की लोकं," तो म्हणाला आणि पेन काढलं. मग त्याची नजर दारावरच्या कुलपाकडे गेली. साहेब घाईघाईने म्हणाले, इथली माणसं मागच्या दाराने जातात-येतात.

तेवढ्यात दवाखान्याच्या खिडकीतून मशीनची शिट्टी ऐकू आली. लांबलचक, न थांबणारी. खिडकीत सिस्टर धावताना दिसली.

मावशीकडे विचार करायला वेळ नव्हता, आणि होता तरी तिने दुसरं काही केलं असतं असं मला वाटत नाही. बारा वाजले की हा माणूस चौदा घरं चालू लिहिणार, वाटा येणार, मशीन राहणार, वर्षभराचे मंगळवार-शुक्रवार पक्के होणार. फक्त आजचा मंगळवार जाणार. तिने मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या घरांच्या खिडक्यांकडे पाहिलं, जिथे तोंडं असायला हवीत तिथे, आणि मोठ्याने म्हणाली:

"पोरींनो, बंद करा. सगळ्यांनी बंद करा. ते अजून मशीनवर आहेत."

बारा नळ एकदम बंद झाले. शेवटचा पीळ सुद्धा ऐकू आला. गल्लीत इतकी शांतता झाली की तपासनीसाच्या हातातलं पेन कागदावर टेकल्याचं कळलं. दूरची शिट्टी आणखी थोडा वेळ वाजली आणि थांबली.

तपासनीसाच्या तोंडचा रंग उडाला होता. त्याने विचारलं, आत कोण आहे? साहेबांनी तोंड उघडलं, पण मावशीच आधी बोलली. कोणी नाही, ती म्हणाली, नऊ वर्षांपासून कोणी नाही. आणि चाव्यांचा जुडगा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. दारापाशीही गेला नाही. दहाच्या आकड्यांखाली त्याने बाराचे आकडे लिहिले, तेही हात लांब करून, मीटरला स्पर्श न करता; बारा मीटरांत चांदणी फिरली होती, पण आकडा सरकण्याइतकं पाणी कुठेच पडलं नव्हतं. मग त्याला आपण पाहिलेलं लिहायचं का ऐकलेलं लिहायचं, असा प्रश्न पडला असावा. शेवटी त्याने लिहिलं: चालू घरं, दोन.

मावशी दवाखान्याकडे गेली. सिस्टर म्हणाली, थोडक्यात वाचलं, पाणी परत आलं नसतं तर आणखी दोन मिनिटांत सगळं हाताबाहेर होतं. नवरा डोळे मिटून पडला होता. त्याच्या नळ्यांतून रक्त लाल, पातळ, नीट फिरत होतं. ती स्टुलावर बसली आणि एक वाजेपर्यंत रडली. हे तिने नंतर कधी लपवलं नाही.

दोन महिन्यांनी हुकूम आला. गाव शहराला जोडलं गेलं, वाटा तिकडे वळला, मशीन गोणपाटात गुंडाळून ट्रकवर चढलं. साहेबांची बदली झाली. डॉक्टरांनी ओळख काढून नवऱ्याचं नाव शहरातल्या यादीत घातलं, नंबर सत्तेचाळिसावा. आठवड्यातून एकदा तरी कुठे सोय लागते का बघू, असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना ते मावशीकडे नाही, स्वतःच्या पायांकडे बघत होते. तिला त्या नजरेचा अर्थ चांगला माहीत होता.

शहरातून मावशीला शेवटचं काम आलं: एकशे एक्याण्णव बंद घरांच्या जोडण्या तोडा. ती पाना घेऊन पंधरा दिवस फिरली. प्रत्येक दारात उभी राहून आधी सांगायची, मग व्हॉल्व्ह फिरवायची. कुठे चांदणी लगेच थांबली, कुठे थोडी रेंगाळली. टेलरमास्तरांच्या घरी तिने रविवारची आंघोळ होऊ दिली आणि सोमवारी बंद केला. त्यांच्यासाठी तिला वाईट वाटलं, स्वतःच्या माणसांसाठी वाटतं तेवढंच.

शहरात राहायला जायच्या दिवशी सकाळी नवरा ट्रंकेवर बसून बसची वाट बघत होता. मावशीने घराला कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली. पाना तिच्या हातातच होता.

"आपला व्हॉल्व्ह राहिला की," तो म्हणाला.

"राहू दे उघडा."

"अगं, आत पाणी वापरायला कोण आहे?"

मावशी भिंतीच्या कडेला वाकली आणि मीटरच्या काचेवरची धूळ पदराने पुसली. "तुम्ही आहात," ती म्हणाली. "आंघोळीला दोन बादल्या, दाढीला तांब्याभर. काल दुपारभर मी घराला नीट सांगून ठेवलंय."

चेष्टा करावी की काय, हे त्याला ठरवता येईना. मग त्याने हळूच विचारलं, "आणि मंगळवारी-शुक्रवारी? तेव्हा तर मी नसतो घरी."

"असता," मावशी म्हणाली. "इथे तुम्हाला मशीन लागत नाही."